चारच ओळी मावतात

रविवारी संध्याकाळी मी शिडी खांद्यावर घेतो.
उणे सव्वीस. बुटाखाली बर्फ कुरकुरतो,
नाकातले केस ताठ.
सस्कॅचवानच्या सपाट आभाळाखाली
रस्त्याकडे तोंड करून उभा शाळेचा फलक,
त्यात चार ओळींच्या खाचा,
आणि माझ्या काखेत बिस्किटांचा जुना डबा:
काळी प्लॅस्टिकची अक्षरं. ई फक्त सात.
आठवी एका मार्चमधल्या वादळात उडाली,
कोलेसनिकांच्या गव्हात कुठेतरी उगवली असेल.
नड पडली की तीनचा आकडा उलटा बसवतो.
आता कुणी हसत नाही.
गावाला माझं स्पेलिंग पाठ आहे.

आठवडा मोठा, फलक लहान.
सोमवारी मुलींचं बास्केटबॉल,
पाहुण्यांची बस वाटेत रुतली नाही तर.
बुधवारी पेरोगीचं जेवण, पाच डॉलरला आठ;
मिसेस ह्रिंकिव आणि त्यांच्या तिघी जावा
पहाटेपासून बटाटे कुस्करणार
आणि मला स्वयंपाकघराचं दार लोटूनही बघू देणार नाहीत.
त्याच दुपारी बारावीचा फोटो.
सगळे मिळून अकरा.
फोटोग्राफर म्हणतो, एकाच रांगेत बसतील,
मागची बाकं परत न्या.
शुक्रवारी सकाळी सहाला कर्लिंगवाल्यांची बस.
झाडू विसरू नका.

आणि गुरुवार.
"‘बंद’ हा शब्द नको," मुख्याध्यापिका फ्रीसन म्हणाल्या,
फोनची वायर बोटाला गुंडाळत, सोडत.
"‘बैठक’ लिही, ओरेस्ट. संध्याकाळी सात.
कॉफी आहे, असंही लिही."
बैठकीला दोन ई लागतात, कॉफीला दोन.
मी डब्यात हात घालून मोजल्या.

जेरिको मनलास्टास शिडी धरायला येतो.
त्याला कुणी सांगितलेलं नाही.
आई वृद्धाश्रमात रात्रपाळीला, दिवसा झोपते,
घराच्या भिंती पातळ,
म्हणून तो ट्रॉम्बोन माझ्या बॉयलरच्या खोलीत वाजवतो.
दोघं एकाच सुरात कण्हतात,
कोण कुठला ते मला बाहेरून कळत नाही.
"आमची मैफल कधी लावणार?" त्याने खालून विचारलं.
बँडची मैफल एकोणतीस मे.
इतक्या पुढचं मी लावत नाही, म्हणालो.
यंदा तर नाहीच, हे मात्र म्हणालो नाही.

गुरुवारी एकशे चाळीस खुर्च्या मांडल्या. कमी पडल्या.
माणसं भिंतीला टेकून उभी, कोट न काढता.
शिक्षण मंडळाच्या बाईंनी पडद्यावर आकडे दाखवले:
एकसष्ट मुलं. सत्तेचाळीस किलोमीटर.
आणि एक हिरवा बाण, शेजारच्या गावाकडे,
जणू त्या वाटेवर कधी बर्फच पडत नाही.
म्हातारे कोलेसनिक बोलायला उठले,
टोपी हातात दोनदा फिरवली,
बसले.
निर्णय एप्रिलमध्ये.
कॉफी तेवढी संपली. पुन्हा करावी लागली.

शुक्रवारी बस गेल्यावर, अंधारातच,
बैठक उतरवायला मी डबा घेऊन निघालो.
थंडीत अक्षरं खाचेला चिकटतात,
एकेक नखाने सोडवावं लागतं.
शिडी जागेवर नव्हती.
ती फलकाला टेकलेली, वर जेरिको,
एक हातमोजा दातांत धरलेला.
बैठक काढून त्याने खिशात कोंबली होती,
कॉफी अजून तशीच होती,
आणि सगळ्यात खाली, चौथ्या ओळीत,
बँड. मे. एकोणतीस.

"यात एकही ई नाही," तो वरून म्हणाला,
तोंडातल्या हातमोज्यातून.

नऊच्या जागी उलटा सहा होता.
मला माझी अक्षरं कळतात.
मी डबा बर्फावर ठेवला
आणि शिडी धरली.