शेरा, ऐच्छिक

सकाळचे सात. बेसा रस्त्यावरची सहावी सोसायटी.
पार्किंगच्याही पोटात, जिथे लिफ्टसुद्धा येत नाही,
चार टाक्या, दोन ब्लोअर आणि मी.
मोबाईलवर हिरवा ठिपका: आपण स्थळी पोहोचला आहात.
जसं काही दर्शनाला आलो.

ॲप विचारतं, मी सांगतो.
ब्लोअर एक चालू. ब्लोअर दोन आराम.
विरघळलेला प्राणवायू दोन पूर्णांक एक.
नळकांड्यात अर्ध्या तासाने बसलेला गाळ, तीनशे वीस.
क्लोरीन ठीक आहे.
ठीक चालत नाही, अंक टाका.
फोटो काढा. अंधुक आहे. पुन्हा काढा.

वास कसा आहे, ते मात्र विचारत नाही.

वास मला झिबलमामांनी शिकवला.
'सडक्या अंड्यावाणी आला तं समज,
आतली मंडळी गुदमरून राह्यली.
वखरलेल्या वावरावाणी आला
तं झाकण लाव अन् चहा प्याले जाय.'
मामांना आकडे येत नव्हते.
मामा उतरायचे.
कमरेला दोर, वर दोर धरणारा कोणीही,
कधी वॉचमन, कधी वॉचमनचं पोरगं,
एकदा तर दोर नळालाच बांधलेला.
'नाही' हा शब्द त्यांनाही ठाऊक होता,
पण तो टाकायचा कोणत्या रकान्यात?

परवा नवतप्याचा तिसरा दिवस.
सेहेचाळीस पूर्णांक चार.
दुपारी लाईन गेली अन् अडीच तास आलीच नाही.
कूलर बंद, लिफ्ट बंद, जनरेटरात डिझेल नाही, ब्लोअर बंद.
वरचे लोक सचिवाला फोन करत होते.
खालचे कोट्यवधी बारीक जीव
कुणाला करणार?
त्यांचा मला आला. लाल ठिपका, टुंग.

लाईन आली, ब्लोअर गुरगुरला,
पण एका कोपऱ्यात बुडबुडेच नाहीत.
तळाच्या जाळ्या चोंदलेल्या.
भुसारी साहेब शिडी घेऊनच आले.
'पाच मिनिटांचं काम आहे बे. उतर.
सोमवारी मंडळाचा माणूस येऊन राह्यला.'

मी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली.
टाकीत माणूस उतरला का?
खाली दोनच गोल.
'होय' दाबलं की लाल पट्टी येते
आणि मेल जातो तीन ठिकाणी,
त्यातलं एक भुसारी साहेबांचं स्वतःचं.

'मंग नाही दाब ना.'

'फोटो मागते, साहेब.'

साहेबांनी शिडीकडे पाहिलं, शिडीने माझ्याकडे.
मी काही शूर नाही.
मशीन नाही म्हणत होतं,
मी फक्त त्याच्या बाजूला उभा होतो.

दुसऱ्या दिवशी साखळीची गाडी आली,
जाळ्या वर ओढल्या, उन्हात धुतल्या.
सोळा हजार लागले.
सोसायटीच्या ग्रुपवर दीड दिवस पुरले.

मामांना आता वासच येत नाही.
पाचपावलीत पलंगावर बसलेले असतात,
फोडणी जळून धूर डोळ्यात गेला तरी विचारतात,
'काही शिजून राह्यलं का?'
त्यांना ॲप दाखवलं.
बोटाने वरखाली सरकवत राहिले बराच वेळ,
मग म्हणाले, 'यात माहं नाव कुठं टाकतात?'
मी शोधलं. खरंच शोधलं.
इतक्या मागची तारीख ते घेत नाही.

आज सगळे ठिपके हिरवे.
शेवटी एक चौकट उरते: शेरा, ऐच्छिक.
दोनशे अक्षरांची जागा, कोणी वाचत नाही.
मी झाकण उचललं, वाकलो, टाईप केलं:
वास वखरलेल्या वावराचा. झिबल सोनटक्के यांच्या मते उत्तम.

खाली नेटवर्क नसतं.
गोल फिरत राहिला, फिरत राहिला.
रॅम्प चढून उन्हात आलो, हात उंच केला,
समोरच्या पोहेवाल्याला वाटलं त्यालाच बोलावतोय.
'तर्री जास्त?' तो ओरडला.
तेवढ्यात गेलं.