शेवटी ळ

लक्ष्मीपुरीतल्या प्रेसमध्ये मी बारशाच्या पत्रिका लावते.
पाळणा तयार असतो, दोन मोर तयार असतात,
'आमच्या ताईच्या बाळाला बघायला यायचं हं' तयार असतं,
मधली एक चौकट तेवढी रिकामी.
हल्ली नाव आधीच छापतात.
यंदा त्या चौकटीत सगळ्या वी येऊन बसल्या:
मान्वी, शांभवी, अन्वी.
परवा एकाच दुपारी तीन अन्वी छापल्या,
तिन्हींचे पेढे खाल्ले.

आणि आता आमच्याच घरची चौकट.
आत्या मी. नाव माझ्या तोंडून जायचं.
वहिनीनं शेक घेता घेता एकच अट घातली,
"वन्सं, शेवटी ळ पाहिजे."

ती गडहिंग्लजची.
तिच्या आईच्या कन्नडात ळ आहे, आमच्या मराठीत आहे,
पण पुण्याच्या ऑफिसात सहा वर्षं
साहेबाला तो जमला नाही.
माहेरचं आडनाव माळगी.
तो मालगी म्हणायचा, मालगाडी बोलवावी तसा.
"माझ्या पोरीला हाक मारायची
तर जीभ वळवायचे कष्ट घ्या म्हणावं."

मग मी ळ हुडकायला लागले.
चुलत्यांची मार्केट यार्डात अडत,
ते म्हणाले, गूळ ठेवा की.
धैर्यशील, माझा भाऊ, म्हणाला, मिसळ. वर कट.
वहिनीनं टोपडं फेकून मारलं.

रंकाळ्याच्या कठड्यावर बसून
पाकिटाच्या पाठीवर लिहीत गेले.
मृणाळ: आमच्या गल्लीत एक आहे, शिक्षिका, रागीट.
प्रांजळ: एकदा तरी खोटं बोलावं लागणारच,
तेव्हा नावाचं काय करायचं?
निर्मळ: फिनेलच्या बाटलीवर शोभेल.
आभाळ: चांगलं आहे, पण फाटतं.
ओंजळ.
त्याच्या पुढं काही लिहिलं नाही.
भेळवाल्यानं विचारलं, ताई, कसला हिशेब?

एक भीती होती, ती कुणाला बोलले नाही.
माझं नाव कौसल्या.
शाळेच्या दाखल्यावर एकदा,
लग्नाच्या पत्रिकेत एकदा (ती मीच लावली),
एवढ्या दोनदाच ते पुरतं वापरलं गेलं.
बाकी जन्मभर कौशे.
सुमनची सुमे, मंदाकिनीची मंदे.
आमच्या गावाकडं नाव सांभाळायला दिलं
की गाव त्याचं शेपूट मोडून
ए लावून परत देतं.
म्हणून असेल, आमच्या पत्रिकेत
चौकट मी रिकामीच सोडली.

बारशाला पाळण्यात वाकले.
वेखंडाचा वास, दुधाचा वास.
कुर्रर्र केलं. नाव सांगितलं.
ळ अगदी सावकाश, जीभ मागं नेऊन,
तिच्या कानात ठेवला.
पाठीत धपाधप बुक्क्या बसल्या,
त्यातली एक वहिनीची. ओळखली. हळू होती.

घुगऱ्या वाटून होईपर्यंत नाव जिना उतरून गेलं.
समोरच्या हौसाकाकू म्हशीची धार काढून आल्या,
मनगटाला अजून फेस,
पाळण्यात डोकावल्या.
"ए ओंजळे, बघ की गं हिकडं."

झालं, म्हटलं. तासभरसुद्धा टिकलं नाही.
मी वहिनीकडं बघितलं. ती हसत होती.
"ऐका तरी, वन्सं."

ऐकलं.
ळ होता तिथंच होता.
ए नुसता त्याच्याशेजारी येऊन बसला होता,
संध्याकाळचं गल्लीतलं पोर
विचारल्याशिवाय कट्ट्यावर टेकावं तसा.

हौसाकाकूंनी पुन्हा हाक मारली.
पोरीनं जांभई दिली.
मुठी मात्र दोन्ही
घट्ट.