वरची पेटी

उद्यमनगरात आमच्या शेडसमोर
सकाळपासून दोन गाड्या उभ्या.
अभिनंदन मगदूमनं बेळगावहून आणलेल्या, दोन्ही वापरलेल्या,
दोन्हींना दोनच दारं.
एकीचं छत कायमचं,
कपाळापासून शेपटीपर्यंत एका दमात उतरलेलं.
दुसरीचंही पत्र्याचंच, पण बटण दाबलं की
घडी होऊन डिकीत जाऊन बसतं.
"कूपे घ्या मालक. वजनाला हलकी, वळणात पक्की."
मग जरा थांबून, "पण ही उघडती."

मी साठीला दोन कमी.
ब्रेक ड्रम ओतून ओतून ही रक्कम साठली,
दुसऱ्यांची चाकं थांबवायची वस्तू विकून.

सरोजनी पायरीवरून उतरली, डिकी उघडायला लावली.
छत आत असताना जागा उरते
जेवणाच्या डब्याएवढी.
"बाजार कुठं ठेवायचा? मांडीवर?
आणि कारखाने सुरू झाल्यात.
बावड्यापासून पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या.
पाचट डोक्यात, मळीचा वास पदरात."
तिचं सगळं खरं असतं.

मला भीती सांध्यांची.
चाळीस वर्षांत एकच शिकलो,
जिथं सांधा, तिथं गळती.
हिचं छत तीन तुकड्यांचं,
मध्ये रबराच्या पट्ट्या, पोटात तेलाच्या नळ्या,
आणि आमच्याकडचा पाऊस जूनमध्ये येतो तो
चप्पल बाहेर काढून सप्टेंबरपर्यंत बसतो.

दस्तगीर शिकलगारला हाक मारली.
वडिलांच्या वेळचा मोल्डर, आता एकाच डोळ्याचा.
त्यानं किंमत विचारली नाही, मॉडेल विचारलं नाही.
पहिल्या ओताला मारतो तशी
बोटाच्या पेरानं टिचकी मारली कूपेच्या छतावर,
कान लावला.
"ही एक बोलतीया."
मग दुसरीवर.
"हिच्यात दोघं हाईत.
एक बोलतोय, दुसरा दात खातोय."
निकाल लागलाच होता.

तरी बटण का दाबलं, माहीत नाही.

छत आधी कडेनं सुटलं. केसाएवढी फट.
मग सगळंच अलगद वर,
आणि माझे हात आपोआप पुढं झाले,
वरची पेटी उचलताना
दोघांनी दोन्हीकडून धरायची असते म्हणून.
पलीकडच्या बाजूला दस्तगीरचेही हात.
वाळूत साचा बसला का मोडला
हे पेटी उचलल्याशिवाय कळत नाही.
तेवढा वेळ शेडमध्ये कुणी खोकतसुद्धा नाही.
आम्ही दोघं रिकामी हवा धरून उभे.
मगदूम हसला.
आम्ही नाही.

आत दोन खुर्च्या, एक स्टिअरिंग,
बेळगावच्या कुणाचा तरी विसरलेला कंगवा,
आणि ऊन.
आमच्या शेडमध्ये ते पत्र्याच्या भोकांतून येतं,
चिल्लर मोजून दिल्यासारखं.

वडील सागवानात पॅटर्न कोरायचे.
त्यांची पट्टी बाजारच्या पट्टीपेक्षा
फुटामागं एक सूत लांब.
लोखंड निवताना आकसतं, ते आधीच धरलेलं.
ती पट्टी अजून माझ्या खणात आहे.
कास्टिंग तिनं मोजली, हौस मात्र
बाजारच्या पट्टीनं,
आणि निवेपर्यंत दर वेळी
काहीतरी कमी भरत गेलं.

"मग कुठली?" मगदूमच्या हातात पावतीपुस्तक.
"गळणारी."

दस्तगीर मान फिरवून भट्टीकडं गेला.
दोन दिवस चहाला आला नाही.

सरोजनी काही बोलली नाही.
घरातून जुना पंचा आणला,
चौकोनी घडी घातली,
आणि डिकीत, त्या डब्याएवढ्या जागेत
बसतो का, ठेवून पाहिला.