प्रश्न क्रमांक सतरा

औंढ्याच्या पुढं फाटा, फाट्याच्या आत तीन किलोमीटर.
टॅबवर प्रश्न उघडला :
जवळचं आरोग्य केंद्र किती लांब?
पर्याय चार. एकच निवडा.

चतुराबाई तूर निवडत होती. म्हणाली,
कव्हाचं इचारायलीस, दिसाचं का रातीचं?
दिसा जीप भरली की निघती.
राती बाबूमियाचा टेम्पो,
तोबी कांदा घेऊन गेला नसला तर.

मी 'पाच ते दहा'वर बोट नेलं.
ती बोटाकडं बघत राहिली.

आन् पोचल्यावर
नर्सबाई असली तर एक अंतर,
कुलूप असलं तर हिंगोली.
माझ्या नंदंला हिंगोलीनं नांदेडला धाडलं.
नांदेड किती लांब
ते तिलाच म्हाईत.
वाटंत दोनदा बोलली,
मंग नाही.

स्क्रीनवर लाल अक्षरं :
उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

तिनं सुपातला खडा
वेचून माझ्या पायाशी टाकला.
लिही, म्हणाली, काहीबी लिही,
तुला अजून अकरा घरं हायेत,
आन् मी चहा ठेवलाय.

मी तिसरा पर्याय दाबला.
अठरावा प्रश्न संडासाचा होता.