एकशे ब्याऐंशीवा दिवस

रास अल खैमा. नखीलमध्ये, केरळी किराण्याच्या वर
माझी एक खोली, दारावर पाटी: हिशेब, विवरणपत्र, टायपिंग.
जानू तांडेल रात्रपाळी संपवून आला.
हेल्मेट काखेत, पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत,
आणि बिस्किटाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा.
त्यावर नऊ नावं, सात सह्या, दोन अंगठे.
"तिकीट माझ्या नावार, ताई. पैसे सगळ्यांचे."
पुठ्ठा मी टेबलाच्या काचेखाली सरकवला.
हा जप, म्हटलं. हा नसेल तर
अख्खं बक्षीस तुझंच धरतील.

दहा लाख दिरहम, भागिले नऊ.
एक लाख अकरा हजार एकशे अकरा,
बाकी एक.
त्या एकाचा करक चहा घेतला म्हणे,
एकच कप, नऊ जणांत फिरवला.

बेटावर जुगाराचा महाल उठतोय,
जानू तिथलीच क्रेन चालवतो.
वरून, केबिनमधून, त्याला सगळं दिसतं:
कुठे टेबलं येतील, कुठे कारंजं.
सोडत मात्र त्याने कॅम्पातल्या खाटेवर बसून जिंकली,
पायाची नखं कापता कापता.

इथे कर नाही. इथे कुणी विचारत नाही.
विचारणारं समुद्रापलीकडे आहे
आणि ते आधी पैसे विचारत नाही,
दिवस विचारतं.

मी शिक्के मोजायला घेतले.
तीन एप्रिल, आगमन. काम थांबलं होतं,
कंपनीने सगळ्यांना बिनपगारी घरी धाडलं,
आणि देवबागला वडील अंथरुणाला खिळलेले.
एप्रिलचे अठ्ठावीस. मेचे एकतीस.
जूनमध्ये ते बोलायचे थांबले.
जुलै, ऑगस्ट. ऑगस्टमध्ये कधीतरी तेरावं.
सप्टेंबर अख्खा.
एक ऑक्टोबर, प्रस्थान.
पुन्हा मोजले. बोटांवर, मग कॅल्क्युलेटरवर,
मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पानं मागे उलटत.
एकशे ब्याऐंशी.

एकशे एक्क्याऐंशी असते
तर तू परदेशस्थ, ही रक्कम तुझी तुला.
जुना आखाती असतास तरी एक फट होती,
पण तुला येऊन दोनच वर्षं झालीत.
तीस टक्के, वर अधिभार.
आठेक लाख रुपये, जानू.

"आणि जी तिकिटां लागली नाय, ती वजा?"
नाही. हरलेलं वजा होत नाही.
तिथे फक्त जिंकलेल्याला रकाना आहे,
नाव त्याचं: इतर स्रोत.

परतीचं तिकीट तीस सप्टेंबरचं होतं, मला दिसलं.
बदललेलं. दंड भरून.
का राहिलास तो एक दिवस?
तो बराच वेळ हेल्मेटचा पट्टा
अडकवत, सोडवत बसला.
"बापाशीच्या होडयेक डांबर लावूचा रवलला."
कोण नेणार आता ती होडी?
"कोण नाय."

आठ लाखांचं डांबर.
हे मी मोठ्याने म्हटलं की मनात, आठवत नाही.
खाली किराण्याचं शटर वर गेलं, कॉफी दळायला लागली.

मी थांबले. मला वाटलं, आता विचारेल,
एखादा शिक्का पुसट करता येतो का, ताई?
विचारतात लोक. चांगले लोकही विचारतात,
मान खाली घालून.
त्याने पिशवीत हात घातला
आणि घडीवर घडी घातलेली पावती काढली.
मालवणचं हार्डवेअर दुकान, तीनशे चाळीस रुपये,
दुकानदाराच्या बोटाचा काळा ठसा.
"ह्याचा कायतरी वजा होता काय?"

मी विवरणपत्र वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिलं.
मग पावती पुठ्ठ्याशेजारी
काचेखाली ठेवली.