खालची चोच

सकाळी सव्वासातला निनाद गांगुर्डेनं फोटो पाठवला,
खाली एवढंच : काकू, हा कोण?

चेहेडीला, दारणेच्या काठी,
बाभळीच्या काटक्यांमागे मूठभर मातकट जीव.
शेपटी किंचित उचललेली, पंख सैल सोडलेले,
डोळा मात्र पुरता काळा,
ताकात पडलेल्या मिऱ्यासारखा.

लिटकुरी. इतपत कळतं.
पण कोणती, तिथं गाडं अडतं.
एक तांबुला, दुसरी तिचीच तैगाकडची बहीण.
हिवाळ्यात दोघींच्या माद्या एकाच ताग्यातून फाडल्यासारख्या.
फरक म्हणाल तर खालच्या चोचीच्या बुडाशी
टाचणीच्या डोक्याएवढा फिकटपणा.
तो असला तर तांबुला, नसला तर ती दुसरी.
शिवाय शेपटीच्या मुळावरची पिसं,
ती शेपटीहून काळी असली तर दुसरीच.

मी एकतीस वर्षं नोटा पाहिल्या.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, तपासणीच्या लांब टेबलाशी,
शाई अर्धा केस सरकली
तरी बोट आपोआप थांबायचं.
मान वर न करता म्हणायचे, रद्द.
समोर शकुंतला बोराडे.
तिचं बोट माझ्याआधी थांबलं
की दिवसभर मी तिच्याशी बोलायची नाही.
सारख्यांतून वेगळं काढणं
ही माझी भाकरी होती.

तरी ही चोच दिसेना.
फोटो मोठा केला, आणखी मोठा केला,
चोचीचे चौकोन झाले :
मातकट चौकोन, जरा कमी मातकट चौकोन,
आणि त्यात पक्षी कुठंच नाही.
हे म्हणाले, चहा निवला.

शिवाय ऊन. डिसेंबरचं तिरपं ऊन
काळ्यालाही पिवळं करून दाखवतं.
माझ्या दाखवायच्या फोटोत मी अशीच गोरी दिसते,
लग्न त्याच फोटोवर जमलं.
सासूबाईंनी मला उंबऱ्यावर पाहिलं
आणि फोटो पुन्हा एकदा मागवला.

निनादला विचारलं, पाठीचा एखादा आहे का?
उडाला ना, काकू.
आवाज?
पुलावरून ट्रक चालले होते.

म्हणून दुसऱ्या दिवशी मीच गेले.
गुडघ्याला पट्टा, कानाला मफलर.
निफाडकडून वाऱ्यावर धूर येत होता,
द्राक्षांना थंडी लागू नये म्हणून पेटवलेल्या शेकोट्यांचा.
पाऊण तास नुसती बाभूळ.
एक कुत्रा येऊन बसला, कंटाळून गेला.

मग आतून टिर्रर्र,
कुणी कंगव्यावरून नख ओढावं तसं.
फांदीवरून सुटली, हवेत एक गिरकी,
एक चिलट कमी झालं जगातलं,
आणि परत त्याच काटकीवर, पाठ माझ्याकडे.
शेपटी उडवली. दोन्ही कडांना पांढरं.
मुळाशी?
काळं म्हणावं तर काळं,
शेपटीहून काळं म्हणावं तर
तेवढ्यात शेपटी मिटली.
चोच वळली, उजेड आला,
पिवळसर काही होतं,
नाहीतर चिलटाचा पंख.

बोट थांबलं नाही.

प्रेसमध्ये दोनच गठ्ठे असत.
तिसरा मागितला असता
तर कुलथे साहेबांनी माझे डोळे तपासायला पाठवलं असतं.
बाभळीखाली कुणीच साहेब नव्हते.
मी वही काढली, पेन हातात धरून ऊब येईतो थांबले
आणि लिहिलं :
चेहेडी, आठ वाजून दहा, लिटकुरी,
बहुधा तांबुला.

बहुधा.
माझ्या अक्षरात हा शब्द बरा दिसत नाही,
ब फार मोठा आलाय, धा कलंडलाय.
खोडला नाही.

घरी येते तो निनादचा अंगठा,
आणि अंगठ्यापाठोपाठ दुसरा फोटो :
तपकिरी, गोल डोळ्याचा, डोळ्याभोवती पांढरं कडं.
काकू, आणि हा?

याचे तर पायच पानाआड आहेत.
यांच्यात पायांच्या रंगावरून ओळखतात.