या, बसा

या, वच्छलाताई. चपला बाहेर नाई काढल्या तरी चालते,
हे देऊळ नोहे.
देऊळ समजून जे आले, ते पाच वर्ष
नैवेद्याचीच वाट पाहत बसले.

मी देवमन. या हापिसाचा शिपाई,
अन् टाकीचा वॉल बी मीच फिरवतो,
हे तुमाले काय सांगा.
पहाटं चार वाजता नळावर पयला गुंड तुमचाच लागे,
पाणी उशिरा आलं तर पयली शिवी बी तुमचीच.
आज त्याच तुमाले मी मॅडम म्हणून रायलो.
हासू नका. तालुक्याचे साहेब बसले हायेत.

सकाळपासून झाडून काढलं.
कपाटावरची कबुतराची घाण खरडली.
मागच्या बॉडीचे हार खिळ्यावर वाळून
वाऱ्यानं खसखस वाजत होते, ते उतरवले.
झेंडूचं बी चांगलं निघालं, मूठभर.
खिशात हाये. टाकीपाशी ओल राह्यते, तिथी लावीन.

मंग डफडं आलं, गुलाल आला.
रज्जाकभाई आले नव्या बुटात लंगडत.
पिंट्या लोखंडे आला, दोघाले सारखे मतं पडले अन्
शाळेतल्या पोरीनं बरणीतून ज्याची चिठ्ठी काढली तो.
त्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलात दाखवते सगळ्याले,
जसं बारशाचा फोटो.
पोडावरून सुमन टेकाम आली, पायीच,
काखेत पोर. सई करताना
पेन असा धरला का आम्ही सगळे
श्वास धरून उभे. साहेबानं बी घड्याळ नाई पायलं.

चार मतानं पडलेले तुळशीराम भोयर
दारापाशी उभे होते.
चहा नाई घेतला. पेढा घेतला.
आपल्या गावात एवढं बी लय झालं.

तुमचे मालक बाकावर बसले,
खुर्चीकडे पाहत नवते,
अन् पाहत बी होते.

आता हे खुर्ची.
आधीच सांगून ठेवतो, डाव्या अंगाले टेकू नका.
एक पाय तोकडा हाये तिचा.
खाली कागदाची घडी देल्ली मी, लय वर्षाआधी,
तीन सरपंच त्याच घडीवर बसून गेले,
एकाले बी कळलं नाई आपण कशावर बसलो.

हे मी गंमत म्हणून सांगितलं, ताई.
तुमी वाकून पाहसान असं वाटलं नवतं.

हारासकट वाकल्या तुमी.
पाकळ्या पडल्या फरशीवर,
मीच झाडलेल्या फरशीवर.
घडी ओढली, उकलली, वाळवीची माती फुकली,
अन् सगळ्याईच्या समोर मोठ्यानं वाचलं:
ग्रामसभेची नोटीस.
विषय क्रमांक सात.
कोलाम पोडावर हातपंप बसवणे.
सन वाळवीनं खाल्लं होतं.

डफडंवाला बाहेर थांबला, त्याले वाटलं भाषण सुरू झालं.
सुमननं पोर या काखेतून त्या काखेत घेतलं.
बोलली काहीच नाई.
पोडाची बाई कायले बोलते, ते रोज आणतेच पाणी,
नाल्यात झिरा खोदून, वाटीवाटीनं.

तवापासून खुर्ची डुलून रायली.
कोणी म्हणते दुसरा कागद घाला,
कोणी म्हणते सुतार बोलवा,
पिंट्या म्हणते नवीनच घेऊ, गोल फिरणारी.
अन् तुमी उभ्याच, नोटीस हातात धरून.

मी शिपाई माणूस, मी काय सांगू.
पयल्या दिवशी सगळेच वाकतेत.
मागचे तर या उंबऱ्याच्या पाया पडले होते,
फोटो हाये कपाटात.
पण त्याईनं कागद काढला नवता,
हे बी खरं.

बरं, साडेअकरा झाले.
तीन नंबरचा वॉल बंद करा लागते,
नाई तर खालच्या वेटाळात नुसता हवा येते नळाले.
किल्ल्या टेबलावर ठेवल्या.
पितळेची मोठी ते दप्तराची, जरा उलटी फिरते.
चहा येऊनच रायला.
बसा, ताई.
नाई तर उभ्या रहा.